कोळंबीच्या खाद्यात किण्व : उपयोग आणि मर्यादा

कराड, विटा किंवा तासगावच्या आठवडे बाजारात फेरफटका मारला, तर एका कडेला सुकट, जवळा आणि सोडे यांची पोती उघडी मांडलेली दिसतात. घाटाखालून वर येणारा हा माल कृष्णाकाठच्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला आहे. समुद्र कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या माणदेशातील माणसालाही सुकटीची चटणी परकी नाही. कोळंबी कोकणात पिकावी आणि देशावर खाल्ली जावी, अशी ही जुनी वाटणी. ती आता बदलू पाहत आहे. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत शेततळ्यांची संख्या वाढली आहे. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत उसाच्या अतिपाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी पडून आहेत. या पाण्यात आणि या जमिनीत कोळंबी घेता येईल काय, असा प्रश्न आता शेतकरी बांधव विचारू लागले आहेत.

या प्रश्नाच्या पाठोपाठ गावात आणखी एक वस्तू येते, ती म्हणजे पुडी. ‘प्रोबायोटिक’ असे ठळक अक्षरांत छापलेली ही पुडी खाद्यात मिसळली की कोळंबी रोगमुक्त राहते, दुप्पट वाढते, मरतूक थांबते, असे विक्रेता सांगतो. पुडीत बहुधा काही जिवाणू असतात, काहींत यीस्ट म्हणजेच किण्व असते, आणि काहींत दोन्ही. यांपैकी किण्वाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्याचे कारण असे की, या दोन जिल्ह्यांना किण्व नवे नाही. त्याचे नाव अनेकांना ठाऊक नसले तरी त्याच्या कामावर येथील मोठा कारखानदारी व्यवहार उभा आहे.

रेठरे बुद्रुकचा कृष्णा, साखराळ्याचा राजारामबापू पाटील, सांगलीचा वसंतदादा पाटील या सहकारी साखर कारखान्यांची नावे घरोघरी परिचित आहेत. उसाच्या रसातून साखर काढून घेतल्यावर जो काळा, दाट पाक उरतो त्याला कारखान्यातील लोक मोलॅसिस आणि शासकीय कागदपत्रे मळी म्हणतात. आसवनीत या मळीत पाणी घालून किण्व सोडले जाते. किण्व मळीतील साखर खाते आणि तिचे मद्यार्कात व कार्बन डाय-ऑक्साइड वायूत रूपांतर करते. पाव फुगतो तोही याच वायूने. हे काम एका सजीवाचे आहे, निव्वळ रासायनिक क्रिया नव्हे, ही गोष्ट फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८५७ पासून पुढील काही वर्षांच्या प्रयोगांतून सिद्ध केली.

किण्व ही एकपेशीय बुरशी आहे. तिची पेशी इतकी लहान की एका मिलिमीटरच्या अंतरात शंभर-सव्वाशे पेशी ओळीने बसतील. बेकरीत मिळणाऱ्या कोरड्या यीस्टच्या एका ग्रॅममध्ये सुमारे एक हजार कोटी पेशी असतात. शास्त्रीय भाषेत या जातीला ‘सॅकरोमायसिस सेरेव्हिसी’ म्हणतात. वाळवलेल्या किण्वाच्या वजनात चाळीस ते पन्नास टक्के प्रथिने असतात. शिवाय ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे आणि न्यूक्लिक आम्ले. केवळ अन्न म्हणून पाहिले तरी हा खुराक उत्तम ठरतो. परंतु कोळंबीच्या दृष्टीने अधिक मोलाचा भाग पेशीच्या आत नसून तिच्या बाहेरील भिंतीत आहे. ही भिंत मुख्यतः ग्लुकन आणि मॅनन या दोन शर्करामय पदार्थांची बनलेली असते. त्यांचे महत्त्व समजण्यासाठी कोळंबी आजाराशी कशी झुंजते, हे आधी पाहावे लागेल.

एका शास्त्रज्ञाच्या तीन गोष्टी

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे. प्रयोगशाळेशी त्याचा संबंध वाचनापुरताच. परंतु या विषयाची पुस्तके चाळताना एकाच माणसाचे नाव तीन निरनिराळ्या संदर्भांत भेटले आणि विषय एकदम सुगम झाला. ते नाव म्हणजे एली मेचनिकॉव्ह.

मेचनिकॉव्ह हे रशियन साम्राज्यात जन्मलेले प्राणिशास्त्रज्ञ. १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे समुद्रकाठी राहत असता त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिलाच्या अंगात गुलाबाचा काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर काट्याभोवती फिरत्या पेशींनी गराडा घातलेला. शरीरात शिरलेल्या शत्रूला गिळून टाकणाऱ्या पेशी असतात, ही कल्पना येथे जन्मली. दोन वर्षांनी, १८८४ मध्ये, त्यांनी तळ्यातील पाणपिसूवर काम केले. पाणपिसू हा कोळंबीच्याच कवचधारी वर्गातला एक सूक्ष्म जीव. एका रोगट पाणपिसूच्या पोटात त्यांना सुईसारखे बीजाणू आढळले. ते आतड्याची भिंत भेदून शरीरात घुसत होते, आणि पाणपिसूच्या रक्तपेशी त्यांच्यावर तुटून पडत होत्या. पेशी जिंकल्या तर पाणपिसू जगे. बीजाणू जिंकले तर मरे. आणि हे बीजाणू कशाचे होते? एका प्रकारच्या किण्वाचे. तिसरी गोष्ट सर्वांना अधिक परिचित आहे. १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लिखाणात मेचनिकॉव्ह यांनी आंबवलेल्या दुधातील जिवाणू माणसाच्या आतड्याला हितकर असतात, असे प्रतिपादन केले. आज ज्याला प्रोबायोटिक म्हणतात, त्या विचाराचा उगम तेथे आहे. पुढल्याच वर्षी, १९०८ मध्ये, त्यांना रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी पॉल एर्लिश यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

या तीन गोष्टींत आपला सगळा विषय सामावला आहे. कोळंबीचे संरक्षण तिच्या रक्तपेशी करतात, काही सूक्ष्मजीव आतड्याला मदत करतात, आणि किण्व नेहमीच मित्र असते असे नाही.

माणसाला किंवा कोंबडीला लस टोचली की शरीरात त्या रोगाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि रोगाची आठवण राहते. कोळंबीत प्रतिपिंडे तयार होत नाहीत. त्यामुळे कोंबड्यांना देतात तशी लस देऊन कोळंबीचे पीक वर्षभर निर्धास्त ठेवता येत नाही. तिच्याजवळ असतात त्या गस्त घालणाऱ्या रक्तपेशी आणि रक्तात मिसळलेले काही पदार्थ. शत्रूच्या अंगावरील विशिष्ट खूण ओळखली की हे पदार्थ जागे होतात, एक साखळी सुरू होते, जखम काळी पडून बंद होते, आणि जंतू जागीच कोंडले जातात. कोळंबीच्या कवचावर कधीकधी दिसणारे काळे ठिपके हे बहुधा अशा झटापटीचेच अवशेष होत.

बुरशीच्या भिंतीतील ग्लुकन ही अशीच एक ओळखीची खूण आहे. किण्वाच्या पेशीची भिंत कोळंबीच्या आतड्यात पोहोचली की बुरशीचा हल्ला झाल्याची वर्दी रक्ताला मिळते. प्रत्यक्षात हल्ला नसतो. पण गावात चोर येण्यापूर्वीच राखणदार हाळी देत फिरू लागावेत, तसे होते. अशा वेळी खरा रोगजंतू आला तर त्याची गाठ जाग्या राखणदारांशी पडते.

येथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे, आणि तो पुडीवर सहसा छापलेला नसतो. राखणदाराला रोज रात्री खोट्या आरोळीने उठवले, तर काही दिवसांनी तो उठेनासा होतो. कोळंबीतही तसेच घडते. ग्लुकन अखंड देत राहिल्यास प्रतिकाराची पातळी प्रथम चढते आणि पुढे ओसरते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. कोची येथील विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी समुद्री किण्वापासून काढलेले ग्लुकन भारतीय पांढऱ्या कोळंबीला निरनिराळ्या मात्रांत व निरनिराळ्या अंतरांनी देऊन पाहिले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात खाद्याच्या ०.२ टक्के मात्रा, तीही सात दिवसांतून एकदा, सर्वांत परिणामकारक ठरली. रोज द्यावे तेवढे चांगले, हा समज येथे चुकतो आणि पैसाही वाया जातो.

किण्वाची गरज का भासली

१९९४ च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणुरोग भारताच्या किनाऱ्यावर आला आणि वाघ कोळंबीची तळी काही दिवसांत ओस पडू लागली. या विषाणूवर तेव्हा औषध नव्हते, आजही नाही. घाबरलेल्या संवर्धकांनी हाती येईल ते प्रतिजैविक पाण्यात ओतले. प्रतिजैविकाचा विषाणूवर परिणाम होत नाही. पण त्याचा अंश कोळंबीच्या मांसात मात्र उतरतो. क्लोरँफेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांसारख्या द्रव्यांचे अंश सापडल्यामुळे निर्यातीचा माल परदेशी बंदरांतून परत येऊ लागला. या द्रव्यांच्या वापरावर कोळंबी संवर्धनात बंदी घालण्यात आली. मग प्रतिजैविकाची जागा कशाने भरावयाची, या शोधातून जिवाणू आणि किण्व यांच्याकडे लक्ष वळले.

२००९ पासून मूळच्या प्रशांत महासागरातील व्हनामी कोळंबीला व्यापारी संवर्धनासाठी परवानगी मिळाली आणि देशाचे उत्पादन झपाट्याने वाढले. दाट वस्तीत रोगही दाट. विशेषतः ‘व्हिब्रियो’ कुळातील जिवाणू संधी साधतात. कोळंबी कात टाकते त्या सुमारास, पाण्यातील प्राणवायू घटला असता, किंवा तळाशी गाळ सडू लागला असता त्यांचे फावते. आतड्यात आधीच निरुपद्रवी सूक्ष्मजीवांची वस्ती असेल, तर अशा जंतूंना जागा कमी मिळते. किण्वाच्या भिंतीतील मॅनन आणखी एक काम करते. काही जंतू आतड्याच्या अस्तराला चिकटण्याऐवजी या मॅननलाच चिकटतात आणि विष्ठेवाटे बाहेर जातात.

जिवाणूंच्या पुड्यांशी तुलना करता किण्वाची एक बाजू जमेची आहे. जिवाणूनाशक प्रतिजैविकांचा किण्वावर परिणाम होत नाही. परंतु क्लोरीन किंवा पोटॅशियम परमँगनेट यांनी ते जिवाणूंप्रमाणेच मरते. म्हणून पाणी निर्जंतुक केल्याच्या दिवशी आणि त्यानंतर लगेच जिवंत किण्व घालण्यात अर्थ नसतो.

जिवंत की मेलेले?

जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये प्रोबायोटिकची व्याख्या केली. तिचा आशय असा की, पुरेशा प्रमाणात दिले असता यजमानाचे आरोग्य सुधारणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. यातील ‘जिवंत’ आणि ‘पुरेशा प्रमाणात’ हे दोन शब्द ग्राहकाने पक्के धरावेत. वाळवून मारलेले किण्व, किण्वाचा अर्क, किण्वाच्या भिंती किंवा शुद्ध ग्लुकन हे प्रोबायोटिक नव्हेत. ते निरुपयोगी आहेत असे मात्र नाही. मेलेल्या किण्वातील प्रथिने व ग्लुकन तसेच राहते. पण जिवंत किण्वाची किंमत मोजून मेलेले घेणे, हा व्यवहार तोट्याचा.

आणि जिवंत किण्व मारणे फार सोपे आहे. कारखान्यात कोळंबीची खाद्यगोळी तयार होताना मिश्रण ऐंशी ते नव्वद अंश सेल्सियसपर्यंत तापते. किण्व पंचावन्न-साठ अंशांपलीकडे तगत नाही. तेव्हा तयार गोळीच्या पोत्यावर ‘यीस्टयुक्त’ असे लिहिलेले असेल, तर ते बहुतेक मेलेले किण्व होय, असे समजावे. जिवंत द्यावयाचे असल्यास तळ्याच्या काठावर, गोळीला बाहेरून लावूनच द्यावे लागते.

त्याची रीत अवघड नाही. क्लोरीन नसलेले स्वच्छ पाणी अंगाला सोसेल इतके कोमट करावे, त्यात चिमूटभर गूळ विरघळवून कोरडे किण्व पंधरा मिनिटे भिजत ठेवावे. फेस आला तर किण्व जिवंत आहे. फेस आला नाही, तर पुडी कितीही महागाची असो, ती दुकानदाराला परत करण्याच्या लायकीची समजावी. माझ्या मते एवढी एक परीक्षा प्रत्येक संवर्धकाने दुकानदारासमोरच करून पाहावी. प्रयोगांमध्ये साधारणतः किलोभर खाद्याला पाच ते वीस ग्रॅम या मर्यादेत किण्व वापरलेले आढळते. हे पाणी खाद्यगोळीवर शिंपडून हलक्या हाताने मिसळावे, सावलीत सुकू द्यावे, आणि वरून थोडे माशाचे तेल किंवा अंड्याचा पांढरा भाग चोळावा. कोळंबी माशाप्रमाणे गोळी गिळत नाही. ती गोळी पायांत धरून कुरतडत बसते. तेवढ्या वेळात नुसते शिंपडलेले किण्व पाण्यात धुऊन जाते. तेलाचा किंवा अंड्याचा लेप ते धरून ठेवतो. असे खाद्य त्याच दिवशी संपवावे.

कोळंबीचे आतडे सरळ आणि आखूड असते. अन्न त्यातून काही तासांतच पुढे जाते. बेकरीचे किण्व तेथे कायमचे बिऱ्हाड करीत नाही. म्हणून एकदा देऊन भागत नाही, आणि ग्लुकनच्या बाबतीत सांगितल्याप्रमाणे अखंड देऊनही भागत नाही. काही दिवस द्यावे, काही दिवस खंड ठेवावा. बीज तळ्यात सोडल्यानंतरचे पहिले आठवडे, पाऊस किंवा ढगाळ हवेचा ताण अपेक्षित असलेले दिवस, अशा वेळी ते देणे अधिक सयुक्तिक.

गूळ, कोंडा आणि तळ्याचे पाणी

आंध्र किनाऱ्यावरील संवर्धक किण्वाचा आणखी एक उपयोग करतात, आणि तो आपल्या भागाला सोयीचा आहे. भाताचा बारीक कोंडा, गूळ किंवा काकवी, आणि किण्व पाण्यात एकत्र करून दिवस-दोन दिवस ढवळत आंबवतात. वरचे निवळ गाळून तळ्यात शिंपडतात. पाटण व जावळीच्या भातगिरण्यांतून कोंडा मिळतो. गुळासाठी कराड व सांगलीच्या पेठा जवळच आहेत.

या आंबवणाचा गुण किण्वापेक्षा त्यातील साखरेत आणि कोंड्यात अधिक आहे. खाद्यातील प्रथिनांमधून जो नत्र येतो, त्याचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा कोळंबीच्या अंगी लागतो. उरलेला पाण्यात उतरून अमोनिया बनतो आणि कोळंबीचा गळा आवळतो. पाण्यात कर्बयुक्त पदार्थ, म्हणजे गूळ, घातला की पाण्यातील उपयुक्त जिवाणू वाढतात आणि वाढताना अमोनियातील नत्र शोषून घेतात. आंबवलेल्या कोंड्यावर सूक्ष्म प्राणी वाढतात. लहान कोळंबीला ते आयतेच खाद्य होते.

परंतु वाढणारा प्रत्येक जिवाणू प्राणवायू घेतो. सायंकाळी आंबवण ओतले आणि रात्री वीज गेली, एरेटर बंद पडला, तर पहाटेपर्यंत पाण्यातील विद्राव्य प्राणवायू संपतो. लिटरमागे चार मिलिग्रॅमच्या खाली प्राणवायू उतरू देऊ नये, आणि आंबवण सकाळी, ऊन चढत असता घालावे. ज्यांच्याकडे एरेटर किंवा जनित्र नाही, त्यांनी ही रीत अवलंबू नये, हे स्पष्ट सांगणे भाग आहे.

याच संदर्भात कारखान्यांच्या आसपासच्या शेतकऱ्यांना एक इशारा. मळीवर किण्व वाढते, मग आसवनीचे सांडपाणी किंवा तळाचा गाळ तळ्यात सोडला तर फुकटचे किण्व मिळेल, असा तर्क कोणी करू शकेल. आसवनीच्या प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्याची प्राणवायूची भूक लिटरला चाळीस हजार मिलिग्रॅमच्या घरात असते. ते तळ्यात पडले तर कोळंबी तासाभरात तळ सोडून काठाला येईल आणि मरेल. खाद्यासाठीचे किण्व धुऊन, वाळवून, तपासून तयार केलेलेच असले पाहिजे.

आपल्या दोन जिल्ह्यांत

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गोड्या पाण्याच्या शेततळ्यात व्हनामीपेक्षा महाकाय कोळंबी, जिला व्यवहारात स्कॅम्पी म्हणतात, ती अधिक स्वाभाविक. मोठी झाल्यावर ही जात गोड्या पाण्यात राहते. मात्र तिच्या पिलांना सुरुवातीचे दिवस मचूळ पाणी लागते. ही गोष्ट शाओ-वेन लिंग यांनी मलायात १९६१-६२ च्या सुमारास शोधून काढली, आणि त्यानंतरच तिचे बीज उबवणी केंद्रात तयार होऊ लागले. म्हणजे बीज बाहेरूनच आणावे लागणार. या जातीवरही किण्वाचे प्रयोग झाले असून वाढ व तग धरण्याचे प्रमाण यांत काही ठिकाणी सुधारणा आढळली आहे, सर्वत्र नाही.

क्षारपड जमिनीची गोष्ट वेगळी. हरियाणातील रोहतक व सिरसा, पंजाबातील फाजिल्का व मुक्तसर या भागांत भूगर्भातील खाऱ्या पाण्यावर व्हनामीची तळी उभी राहिली आहेत. केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या रोहतक केंद्राने या कामाचा पाया घातला. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत क्षारयुक्त भागातील तळ्यांसाठी तरतूद करण्यात आली. तेथील अनुभवातून एक गोष्ट निश्चित झाली : जमिनीतील खाऱ्या पाण्यात मीठ असले तरी पोटॅशियम फार कमी असते, आणि पोटॅशियमवाचून कोळंबी कात टाकताना मरते. तेव्हा पाणी तपासून त्यात म्युरेट ऑफ पोटॅश घालावे लागते. ऊस उत्पादकाला हे खत परिचित आहे. पाण्यातील ही उणीव किण्वाने भरून निघत नाही. कोळंबी मरू लागली म्हणून पुड्यांमागून पुड्या ओतणाऱ्याने आधी पाण्याचा तपासणी अहवाल पाहावा.

शिवाय क्षारपड जमीन सुधारण्याचा पहिला मार्ग भूमिगत निचऱ्याचा आहे. शेजारच्या शिरोळ तालुक्यात या मार्गाने जमिनी पुन्हा पिकाखाली आल्या आहेत. निचरा शक्य असेल तेथे तोच करावा. खाऱ्या पाण्याचे तळे गळू लागले तर शेजाऱ्याचा चांगला ऊसही क्षारपड होईल. तळ्याला पक्के अस्तर आणि सांडपाण्याची स्वतंत्र सोय नसेल तर अशा तळ्याचा विचारही करू नये.

येथील हवामानाकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान बारा-चौदा अंशांपर्यंत उतरते. थंड पाण्यात कोळंबी खाणे कमी करते, आणि न खाल्लेले किण्व तळाशी सडते. तैवानमध्ये याच महाकाय कोळंबीला थंडीच्या हंगामात किण्वजन्य रोग झाल्याची नोंद आहे. रोगकारकांपैकी एक होते मेचनिकॉव्ह यांचे नाव धारण करणारे किण्व, तेच पाणपिसूतील. बाजारात सरसकट ‘यीस्ट’ म्हणून मिळणारी वस्तू कोणत्या जातीची आहे, हे पुडीवर पाहावे, असे म्हणण्यामागे हे कारण आहे. आणि पाण्याचे दुसरे टोक म्हणजे महापूर. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णेने काठ ओलांडला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. पूररेषेत तळे बांधून त्यात परदेशी जात सोडणे म्हणजे स्वतःचे भांडवल आणि नदीतील मूळचे जीव दोन्ही पणाला लावणे होय. तळे कोठे असावे, बीज कोठून घ्यावे आणि परवानगी कोणती लागते, याची विचारणा सातारा व सांगली येथील सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात आधी करावी. २०२५ मध्ये राज्य शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला; त्यामुळे वीज व कर्जाबाबतच्या सवलतींची माहितीही तेथे मिळू शकेल.

पुडीचा हिशेब

इतके सांगून झाल्यावर शेतकऱ्याचा शेवटचा प्रश्न उरतोच : मला परवडते काय? याचे उत्तर दुसऱ्याच्या तळ्यावरून देता येत नाही. शक्य असल्यास दोन सारखी तळी घ्यावीत. दोहोंत एकाच दिवशी, एकाच खेपेचे, सारख्याच संख्येने बीज सोडावे. खाद्य एकाच पोत्यातून घालावे. फक्त एकात किण्व द्यावे. खाद्य घालताना एक ताट दोरीने पाण्यात सोडून ठेवावे आणि दोन तासांनी वर काढून पाहावे. ताटात खाद्य उरले असेल तर पुढच्या वेळी कमी करावे. दररोजची नोंद वहीत करावी.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन्ही तळ्यांतून ८०० किलो कोळंबी निघाली. किण्व न दिलेल्या तळ्याला १,२०० किलो खाद्य लागले, म्हणजे किलोमागे दीड किलो. किण्व दिलेल्या तळ्याला १,१२० किलो लागले, म्हणजे किलोमागे १.४ किलो. ८० किलो खाद्य वाचले. खाद्याचा भाव किलोला ९० रुपये धरला तर ७,२०० रुपयांची बचत झाली. या हंगामातील किण्वाचा, तेलाचा आणि लेप लावण्याच्या मजुरीचा खर्च मिळून ७,२०० रुपयांहून कमी असेल, तर किण्व परवडले. जास्त असेल, आणि मरतुकीतही फरक दिसला नसेल, तर पुढच्या हंगामात पुडी घेण्याचे कारण उरत नाही. तो पैसा एरेटरच्या देखभालीकडे वळवावा.